तांदळाच्या डब्यातला पासपोर्ट

न्हुंगने तांदळाचा डबा स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथा केला. पासपोर्ट त्यात नव्हता.

ओगुसु दारातच थांबला. जपानमधल्या सेकी गावच्या नगरपालिकेत परदेशी रहिवाशांच्या खिडकीवर तो बसायचा. न्हुंगच्या नवऱ्याचा, लुओंगचा, कायम वास्तव्याचा अर्ज त्यानेच तयार करवून घेतला होता. उद्या, शुक्रवारी, अर्ज पासपोर्टसह दाखल करायचा होता. सोमवारपासून नियम बदलणार होते आणि नव्या नियमांत लुओंगला आणखी काही वर्षं थांबावं लागलं असतं. नवा पासपोर्ट व्हिएतनामच्या वकिलातीतून यायचा तर महिना गेला असता.

"डब्यात कोण ठेवतं पासपोर्ट?" ओगुसुने विचारलं.

"ह्यांची आई तिकडे तसंच ठेवते," न्हुंग चिडून म्हणाली. "चोर तांदूळ चोरत नाहीत म्हणे!"

"शेवटचा कधी पाहिलास?"

"सकाळी तांदूळ काढताना. मग मी कामावर गेले. हे खाली कारखान्यात, पोरगी थुई शाळेत."

"दाराला कुलूप?"

"कधीच नसतं. खाली मालक, शेजारी त्यांच्या घरी काकू. कुलूप कशाला?"

लुओंग कोपऱ्यात उकिडवा बसला होता. खालच्या कारखान्यात सुऱ्यांना धार लावणारे त्याचे हात आता नुसतेच गुडघ्यांवर पडले होते.

"काही वेगळं दिसलं का घरी आल्यावर?" ओगुसुने न्हुंगला विचारलं.

"छे. सगळं जागच्या जागी. उलट दारातल्या चपलासुद्धा ओळीत लावलेल्या, टोकं बाहेरच्या बाजूला. म्हटलं, चला, लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याला शिस्त लागली!"

"मी नाही लावल्या," लुओंग पुटपुटला. "मी वर आलोच नाही."

दुपारी एकजण मात्र वर आला होता. लुओंगचा मित्र खिएम, कढई परत द्यायला. त्याचा स्वतःचा अर्ज गेल्या वर्षी नाकारला गेला होता. ओगुसुने त्याला बोलावून घेतलं. तो आला, बूट उडवले आणि तडक आत घुसला. एक बूट दारात, दुसरा छत्र्यांच्या बादलीपाशी.

"मला माहितीय तुम्ही काय विचारणार," तो म्हणाला. "हो, जळलो मी. का नाही जळणार? पण कढई ठेवली आणि गेलो."

"डब्याला हात लावलास?"

"कुठला डबा? साहेब, मला ह्याचा पासपोर्ट घेऊन काय करायचंय? ह्याचं थोबाड माझ्यावर शोभेल का?"

एरवी लुओंग हसला असता. आज हसला नाही.

कारखान्याचे मालक कुमाझाकी आणि त्यांची बायको हात्सुए दोघंही शोधाशोधीला आले होते. अर्जावर हमीदार कुमाझाकीच होते. म्हातारा गादी उचलून बघत होता. हात्सुएकाकू एप्रन बांधून कपाट आवरत होत्या.

"मालक, हा गेला तर तुमचं नुकसान," ओगुसु सरळच बोलला. "इतका चांगला कारागीर. आत्ताच्या व्हिसावर त्याला इथेच राहणं भाग आहे. उद्या कायमचा झाला, तर कुठेही जाईल."

कुमाझाकी भडकले. "जाईल कुठे? मी पाटी रंगवायला टाकलीय. 'कुमाझाकी आणि लुओंग'! हा कायमचा झाला की बँक त्याला कर्ज देईल. कारखाना त्याच्या नावावर करून मी मोकळा. मी चोरू पासपोर्ट? अक्कल गहाण टाकलीय का मी?"

लुओंगने मान खाली घातली. ओगुसुने ते पाहिलं.

"एवढं काय रडायचं?" हात्सुएकाकू डोळे पुसणाऱ्या न्हुंगला हळूच म्हणाल्या. "थोडा उशीर होईल, झालं. थुईचं पुढचं शाळेचं वर्ष तरी इथेच होईल."

ते ऐकून ओगुसु खाली बसला. क्षणभर त्याने डोळे मिटून घेतले. त्याला पुढचं बोलायचंच नव्हतं.

"लुओंग, तू कुठे जाणार आहेस?"



"ओसाकाला," लुओंग म्हणाला. "मार्चमध्ये. मेहुण्याबरोबर हॉटेल काढायचंय. मालक, मी सांगणार होतो. रोज सांगणार होतो. तुम्ही पाटीचं बोलायला लागलात आणि माझी जीभच उचलेना."

कुमाझाकी हातातली गादी धरून तसेच उभे राहिले.

"म्हणजे मालकांना हे माहीतच नव्हतं," ओगुसु म्हणाला. "त्यांच्या लेखी परवाना मिळणं म्हणजे लुओंग इथे राहणं. ते पासपोर्ट कशाला लपवतील? आणि खिएमचे बूट बघा. हा माणूस कोणाच्या चपला ओळीत लावणार? ज्याने पासपोर्ट घेतला, त्याला निघताना वेड्यावाकड्या चपला बघवल्या नाहीत. हाताची सवय. चोरी करतानाही ती सुटली नाही." तो थांबला. "काकू, परवाना मिळाला की माणूस राहतो. मग थुईचं पुढचं वर्ष इथे होणार नाही असं तुम्हाला का वाटलं?"

हात्सुएकाकूंनी एप्रनच्या खिशात हात घातला आणि हिरवा पासपोर्ट बाहेर काढला. संध्याकाळभर तो खिशात ठेवूनच त्या सगळ्यांबरोबर शोधत होत्या.

"पोरीनेच सांगितलं," त्या म्हणाल्या. "आजी, तिकडे माझी वेगळी खोली असणार आहे, म्हणाली. किती खूश होती! तांदूळ मागायला आले की डब्यात हात जायचा माझा, म्हणून ठाऊक होतं. रांगायला लागली तेव्हापासून माझ्याकडेच असते ती. मला वाटलं, निदान एक वर्ष..." त्यांनी तोंडावर एप्रन धरला. "न्हुंग, तू रडत होतीस आणि मी कपाट आवरत होते गं."

न्हुंगने पासपोर्ट घेतला. काकूंना जवळ घेतलं नाही.

ओगुसुला स्वतःचीच लाज वाटत होती. कायमचा झाला की हवी तिथे नोकरी, हवं तिथे घर, हे त्यानेच ह्या घरात चहा पिताना मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं होतं. काकू चहा ओतत होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलंही नव्हतं.

"पोलिसांत कळवायचं?" खिएमने विचारलं.

"नको," लुओंग म्हणाला. "लपवलं तर मीही."

सकाळी कुमाझाकींनी लुओंग आणि न्हुंगला घेऊन जायला गाडी काढली. काकू निरोपाला आल्या नाहीत. तिघांपुरते भाताचे गोळे बांधून त्यांनी गाडीच्या सीटवर ठेवले होते. ते नागोयापर्यंत कोणी उघडले नाहीत.

इमिग्रेशन ऑफिसात तुडुंब गर्दी. नियम बदलायच्या आधीचा शेवटचा दिवस. नंबर लागला तेव्हा खिडकीतल्या मुलीने कागद चाळले आणि मान वर केली.

"हमीदार आपले कोण?"

लुओंगने मागे वळून पाहिलं. मागून कुमाझाकी पुढे सरकले आणि खिडकीपाशी वाकले.

"मालक," ते म्हणाले. "मार्चपर्यंत."