दुसरी चिठ्ठी

मुलाखत अकराला होती आणि सव्वादहाला आमच्या वस्तीवरची विजेची डीपी जळाली. धाडकन आवाज झाला, देवघरातला लाल बल्ब विझला, वायफाय गेलं... आणि माझ्या तोंडून जे निघालं ते आईनं ऐकलं नाही, हे बरं झालं.

पाच महिने घरी बसले होते मी. पुण्याच्या कंपनीनं 'प्रोजेक्ट संपला' म्हणत हातात नारळ दिला, तेव्हापासून श्रीगोंद्याजवळच्या या वस्तीवर आईच्या हातचं खात होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं 'मग, सध्या काय चाललंय?' ऐकत होते. मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हा माझा धंदा. आई म्हणते, स्वभावही तसाच झालाय.

लॅपटॉप पाठीला लावला, स्कूटी काढली आणि थेट साखर कारखान्याचा वजनकाटा गाठला. हंगाम चालू होता, म्हणजे तिथं जनरेटर आणि इंटरनेट असणारच. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, हवेत मळीचा आंबूस-गोड वास, आणि काट्याच्या खोलीत खिडकीपाशी एक जण.

"तासभर इथं बसू द्याल? नोकरीचा प्रश्न आहे."

त्यानं मान वर केली. डोळे असे... असो.

"कुणाच्या नोकरीचा?"

"सध्या माझ्या. नाही म्हणालात तर तुमच्या. माझे वडील सभासद आहेत कारखान्याचे."

तो हसला आणि खुर्चीवरून उठला. तासभर उभ्यानंच त्यानं काम केलं. एखाद्या ड्रायव्हरनं हॉर्नकडे हात नेला, की हा खिडकीतून ओठांवर बोट ठेवायचा. शेवटी शेवटी रांगेतले ड्रायव्हरच एकमेकांना सांगत होते, "गप रं, आत ताईंची परीक्षा हाय."

मुलाखत झाली. त्यानं चहाचा ग्लास पुढं सरकवला.

"नाव काय तुमचं?"

"बिभीषण."

मी हसू दाबलं, पण त्याला दिसलंच.

"हसा. सगळेच हसतात. आजोबांनी ठेवलंय. म्हणाले, घरात एक तरी सरळ माणूस असू दे."

"आहात का मग सरळ?"

"माझ्या काट्याबद्दल विचारा कुणालाही."

नवी डीपी यायला बारा दिवस लागले. एरवी मी वायरमनच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. या वेळी मात्र दहाव्या दिवशी तो खांबावर चढलेला दिसला आणि मी मनात म्हटलं, एवढी काय घाई आहे याला?

बारा दिवसांत दोन कंपन्यांच्या पाच फेऱ्या दिल्या. मुलाखतीच्या आधी अर्धा तास जायचे, नंतर तासभर रेंगाळायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. एकदा त्यानं मला काटा समजावून सांगितला. ट्रॉली आधी भरलेली तोलायची, मग रिकामी झाल्यावर परत आणून तोलायची. "भरून येते तेव्हा ऊस किती आहे ते कळत नाही. रिकामी झाली की कळतं."

"माणसांचंही असंच असतं का?" मी सहज म्हणाले... म्हणजे अगदीच सहज नाही. त्याचे कान लाल झाले आणि त्यानं एका ट्रॅक्टरचा नंबर चुकीचा टाकला. चूक मीच दाखवली.

डीपी आली आणि काट्यावर जायला निमित्त उरलं नाही. मग एकाच आठवड्यात दोन्ही कंपन्यांचा होकार आला. उपाशी माणसापुढं दोन ताटं. पुण्याची ही नवी कंपनी मोठी, बँकेचं काम, पगारही जास्त. बेंगलोरची लहानशी. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ठेवतात ना, त्या काचेच्या पेट्यांचं सॉफ्टवेअर तिथं बनायचं. बाळाचा श्वास अडखळला की पेटीनं वाजायला हवं. ते वाजतंय ना, हे मी बघायचं.

"माझ्या नजरेतून चूक सुटली तर बँकेत आकडा चुकेल," मी बिभीषणला सांगत होते; बातमी द्यायला मुद्दाम काट्यावर गेले होते. "पण इथं... इथं बाळ आहे रे." अर्धा तास मी त्यावरच बोलत होते. चहावर साय धरली.

"आता पुण्याचं सांग," तो म्हणाला.

"पुणं... बरं आहे."

"झालं?"

"दर शनिवारी येता येईल. घरी."

"घरी," तो म्हणाला.

"हो. घरीच." मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं ट्रॅक्टरकडे बघितलं.

सोमवारी पाचच्या आत कळवायचं होतं. आई पुण्याच्या बाजूनं. वडील, म्हणजे आप्पा, कुणाच्याच नाहीत. आणि मी? मला बेंगलोरचं काम हवं होतं आणि पुण्याचे शनिवार हवे होते. ज्याच्यासाठी शनिवार हवे होते तो मात्र एका शब्दानं 'थांब' म्हणत नव्हता. रविवारी सकाळी आप्पांनी तोडगा काढला. "देवापुढं चिठ्ठ्या टाकू. जमिनीच्या वाटण्या आमी अशाच केल्यात. कुनाचा रुसवा न्हाई, फुगवा न्हाई."

आमच्याकडे चिठ्ठ्या बाहेरच्या माणसानं लिहायच्या, हा नियम. आणि नेमका तेव्हाच बिभीषण दारात. काट्यावर राहिलेला माझा चार्जर द्यायला आला होता.

"लई बरं झालं," आप्पा म्हणाले. "ह्या गड्याला कशाचंच घेनं-देनं न्हाई. लिही बाबा. एकीवर पुनं, एकीवर बेंगलोर."

त्याचा चेहरा उतरला. आमच्याकडे पाठ करून त्यानं लिहिलं, घड्या घातल्या, चिठ्ठ्या ताम्हनात टाकल्या. मी हात जोडून एक उचलली.

बेंगलोर.

आईनं डोळ्यांना पदर लावला. बिभीषण "अभिनंदन" म्हणाला आणि चहा न घेताच गेला. मला आनंद झाला होता आणि रडूही येत होतं. निदान वळून तरी बघायचं होतं त्यानं.

न उचललेली चिठ्ठी आमच्यात कुणी उघडत नाही. देवानं सांगितलं, संपलं. पण सोमवारी सकाळी ताम्हन घासायला घेतलं आणि तळाशी ती दिसली... माझा धंदाच तो. एक बाजू बरोबर निघाली म्हणून टेस्टर गप्प बसत नाही. उघडली.

बेंगलोर.

मी दोन्ही चिठ्ठ्या आप्पांपुढं ठेवल्या. त्यांनी चष्मा लावून उलटसुलट बघितल्या.

"लबाडी केली त्यानं," मी म्हणाले.

"व्हय. पन ज्याला कशाचंच घेनं न्हाई, त्यो लबाडी कशाला करंल?" चष्मा काढत ते म्हणाले, "जा. इचारून ये."

काट्यावर गेले आणि दोन्ही चिठ्ठ्या त्याच्या कीबोर्डवर आपटल्या.

"सरळ माणूस म्हणे."

तो चिठ्ठ्यांकडे बघत राहिला. "दुसरी कुणी उघडत नाही..."

"मी उघडते. एवढी घाई झाली होती मला घालवायची?"

"घालवायची?" त्याचा आवाज फाटला. "पुणंच निघावं, असं मला वाटत होतं. पेन हातात घेतलं आणि मनातल्या मनात देवाला तेच मागत होतो. मग वाटलं, निघालंच पुणं, तर ही शनिवारी येईल, पण त्या पेट्यांबद्दल बोलायची तशी परत कधी बोलणार नाही. म्हणून पुणं लिहिलंच नाही."

मी दोन्ही चिठ्ठ्या उचलून परत वाचल्या.

"डीपी आली आणि तू यायची थांबलीस," तो हळूच म्हणाला, "तेव्हा कळलं मला... किती होतं ते. आवडतेस तू मला, नंदिनी."

डोळे भरून आले माझे. पण राग होताच, आणि तो खराही होता.

"हे आधी म्हणायचं होतंस. आणि ठरवायचं मी होतं. चिठ्ठीनं नाही, तू तर नाहीच नाही."

"चुकलं माझं."

"सरक."

त्याच्याच खुर्चीत बसून मी दोन मेल लिहिले. पुण्याला नम्र नकार. बेंगलोरला होकार, या वेळी माझा स्वतःचा. लिहिताना हात थांबला नाही.

"हंगाम मार्चमध्ये संपतो," मागून आवाज आला. "मग आम्ही हंगामी माणसं रिकामीच. नगरवरून बेंगलोरला रेल्वे आहे... म्हणजे, मी यावं का?"

मी वजनाच्या पावतीचा कोरा कागद फाडला, त्याचे दोन तुकडे केले, त्याच्याकडे पाठ करून लिहिलं आणि घड्या घालून समोर ठेवले.

"उचल एक."

त्यानं डोळे मिटून उचलली. 'हो.' एवढंच होतं तिच्यावर. त्यानं धरून ठेवलेला श्वास सोडला आणि चिठ्ठी खिशात घातली.

"दुसरी पण बघ," मी म्हणाले. "अर्धंच तपासायचं नसतं."

त्यानं दुसरी उघडली.

'हो. पण इथून पुढं मला विचारून.'

बाहेर चार-पाच ट्रॅक्टर एकदम हॉर्न वाजवत होते. या वेळी त्यांना कुणी गप्प केलं नाही.