उचललेला नांगर

चहाचा पेला हातात धरून हेमांगी गावंडे बांधावर उभी होती. बांध म्हणायचं ते आपलं सवयीनं. उत्तर कझाकस्तानच्या या गवताळ मैदानात नजर पोचेल तिथवर एकच वावर. समोरून बिनचालकाचे ट्रॅक्टर ओळीनं येत होते. ते बनवणाऱ्या तिच्या कंपनीत त्यांना ‘नांगरकळप’ म्हणत. सपाट जमीन, मध्ये ना दगड ना खड्डा, तरी ठरावीक जागा येताच प्रत्येक ट्रॅक्टरनं नांगर वर उचलला, थोडं अंतर तसाच गेला आणि मग पुन्हा फाळ मातीत घातला.

“झालं, पुन्हा तेच!” हेमांगी करवादली. याच खोडीपायी तिला अकोल्याहून इथवर धाडलं होतं. पेरणी तोंडावर आली होती आणि कंपनी रोज तगादा लावत होती.

कळपाला नांगरणी शिकवली ती जुन्या चालकांच्या हातांनी. त्यांच्या ट्रॅक्टरांत वर्षानुवर्षं साठलेल्या नोंदींतून त्यांच्या सवयी यंत्रानं उचलल्या होत्या. त्या साठ्याला ‘सवयकोश’ हे नाव हेमांगीनंच दिलेलं. तोच सवयकोश आता देशोदेशीच्या शेतांत चालत होता, दर्यापूरजवळ तिच्या भावाच्या वावरातसुद्धा. त्यात एक बदल केला की तो सगळ्या कळपांना एकदमच लागू होई.

“आपा, कुणा चालकाची वाईट खोड आहे ही,” ती शेजारच्या अकमराल यांना म्हणाली. आपा म्हणजे थोरली बहीण. इथल्या शेती संघाच्या या पन्नाशीच्या प्रमुख बाईंना सगळे आपाच म्हणत. कानातला दुभाषा दोघींचं बोलणं एकमेकींना समजावत होता. “आज काढून टाकते.”

“ती खोड माझ्या वडिलांची आहे,” अकमराल म्हणाल्या. “ते इथंच ट्रॅक्टर चालवत. तिथं आले की नांगर उचलायचे. लहानपणी का म्हणून विचारलं, तर म्हणाले, गप्प बस. त्यांचं बघून लांबून आलेले रशियन, युक्रेनी चालकही उचलायला लागले. त्यांनीही कधी विचारलं नाही.”

हेमांगी ओशाळली. मग तिनं गाडीतून मातीदर्शक काढून त्या जागेवर लावला. जमिनीत लहरी सोडून आतलं चित्र दाखवणारं हे यंत्र एरवी ओल तपासायला वापरत. पडद्यावर आधी काळ्या मातीचा जाड थर दिसला. हजारो वर्षं गवताची मुळं जागच्या जागी मेली, थंडीनं ती पुरती कुजू दिली नाहीत, म्हणून ही माती एवढी कसदार. पण इथं थर मोडलेला होता. खाली माणसं होती, एकमेकांना खेटून निजलेली. काही आकार फार लहान होते.

“पोरंसुद्धा?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“एकोणीसशे तीसच्या सुमारास त्यांची गुरं सोव्हिएत सरकारनं नेली,” अकमराल म्हणाल्या. “मेंढ्या, घोडे, सगळी. आमचे लोक गुरांमागे फिरणारे, ते खाणार काय? भुकेनं मेले. इथं त्यांचं हिवाळ्याचं ठाणं होतं. वीस-बावीस वर्षांनी ट्रॅक्टर आले. तेव्हा फलकांवर लिहिलं होतं, कोरी जमीन.”

हेमांगीला राग आला, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळेना, म्हणून ती कामाला लागली. कळपानं आणखी कुठे कुठे नांगर उचलला, ते तिनं नकाशावर मांडलं. एक ठिपका परवा पहिल्यांदाच नांगरायला घेतलेल्या कुरणात पडला. तिथं आजवर एकही चालक गेला नव्हता.

दोघी तिकडे गेल्या. गवताचा रंग किंचित वेगळा, जमीन जराशी दबलेली, जवळ बुजलेली विहीर. चालकांनी जिथे नांगर उचलला, त्या जागांच्या खुणा यंत्र आपोआप शिकलं होतं आणि आता नव्या जागीही त्या ओळखत होतं. मातीदर्शक लावला. इथंही खाली माणसं होती.

अकमराल गवतात बसल्या. “यांचं तर कुणालाच ठाऊक नव्हतं,” त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. “हेमांगी, ती खोड काढू नकोस. आमच्याकडे त्यांची दुसरी काही खूण नाही.”

हेमांगीच्या हातातल्या संगणक-पाटीवर खोड काढणारा बदल तयार होता. बोट टेकवायचाच अवकाश. कंपनीचा पुन्हा निरोप आला: झालं का? नोकरी तिची होती, मेलेले दुसऱ्यांचे होते, आणि हा विचार मनात आला याचीच तिला लाज वाटली.

तेवढ्यात भावाचा फोन आला.

“ताई, तुहं यंत्र बिघडलं काय वं?” सुयोग दर्यापूरहून ओरडत होता. “मधल्या वावरात नांगरच उचलते! सकाळपासून पाहून राह्यलो. तिथं त काहीच नाही.”

हेमांगीचं बोट पडद्यावरून बाजूला झालं. “विहीर आहे काय रे जवळ?”

“बुजलेली हाय एक. काहून?”

“आपल्याआधी ते वावर कोनाचं होतं?”

“कोनाचं राहीन? आबा सांगे ना, पडीत होतं म्हनून आपल्याले भेटलं. कोनाचंच नव्हतं ते.”

अकमराल डोळे पुसून तिच्याकडे पाहत होत्या. दुभाष्यानं त्यांनाही सगळं ऐकवलं होतं.

“कोनाचंच नव्हतं म्हंजे,” हेमांगीनं हळूच विचारलं, “कोनाचं होतं, सुयोग?”