जानकाबाईची खिडकी

निमगाव सावाच्या उपकेंद्रात नर्सिंगच्या पोरी महिनाभरासाठी आल्या होत्या. त्या रात्री वीज गेली. जेवणं उरकून सगळ्या कंदिलाभोवती बसल्या, तेव्हा सफानं उठून खिडकी ओढून घेतली आणि कडी घातली. बाहेर ऊस, उसात बिबट्या. कोण उघडी ठेवील?

रुग्णवाहिका चालवून निवृत्त झालेले जयवंतआबा भिंतीला टेकून बसले होते.

“लाव बाई, लाव,” ते म्हणाले. “प्रतीक्षानंबी लावली व्हती.”

“कोण प्रतीक्षा, आबा?”

“माज्या बहिणीची नात. तुमच्यासारखीच शिकत व्हती. पटलं न्हाई तर सोडून द्या. पर मधी कुणी उठायचं नाय.”

आणि आबांनी सांगायला सुरुवात केली.

चार वर्षांमागचा मार्गशीर्ष. शेवटचा गुरुवार, दुसऱ्या दिवशी अमावस्या. प्रतीक्षा पारगावात मावशीकडे उतरली होती. घटाची पूजा झाली, नैवेद्य दाखवला, आता उपास सोडायचा तर ती म्हणाली, “मावशी, मळ्यात बाळाचं औषध तेवढं देऊन येते. मग निवांत पानावर बसते.”

बाळ दोन महिन्यांचं. मुलगी. तिच्या आईला, आरतीला, क्षयरोग निघाला होता. सिस्टरांनी प्रतीक्षाला नीट समजावलं होतं. आईनं तोंडाला मास्क लावून बाळाला खुशाल पाजावं, गोळ्या चुकवू नयेत, बाळाला त्याचं औषध रोज द्यावं, आणि खोलीत वारं खेळतं ठेवावं. एवढं सांभाळलं की लेकराला जपता येतं. औषध त्या दिवशी संध्याकाळीच आलं होतं. देवीचं काम समजून पोर स्कूटी घेऊन निघाली.

आरती घरात एकटीच होती. नवरा रत्नदीप कारखान्यावर रातपाळीला गेलेला. कोनाड्यात बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती जळत होती. प्रतीक्षानं औषध पाजून दाखवलं, बाळाला थोडं खेळवलं आणि निघाली, तर बांधावरून शेजारच्या मळ्यातल्या गेणूची हाक आली.

“ताई, गाडी काढू नगा. वढ्याला बसलंय जनावर. फारेस्टवाल्यांना फोन लावलाय.”

“कधी येतील ते?”

“ते येतील उजाडल्यावर. बिबट्याला काय, त्याची रातपाळीच हाय.”

झालं. मावशीला फोन केला आणि प्रतीक्षा तिथंच राहिली.

खोलीला एकच खिडकी. बाहेर उघडणाऱ्या झडपा ओढून आतून गजाला तारेनं आवळलेल्या.

“ही का गं बांधली?”

“सासूबाईंनी बांधली. दारातून शेळी नेली ना, तवापासनं.” आरतीनं बाळाला मांडीवर घेतलं. “जानकाबाई नाव त्यांचं. त्यांनाबी ह्योच आजार. दवाखान्यात न्यायला लई उशीर झाला, ताई. पर गोळ्या घ्यायच्या बिचाऱ्या. फडक्यात खोकायच्या. ते फडकं रोज रातच्याला उकळून, चौघडी घालून ह्याच गजावर वाळत टाकायच्या. एक दिस चुकल्या न्हाईत. व्रतच जणू. पर खिडकी उघडू म्हणलं की नाय. म्हणायच्या, खोकल्यानं मी एकलीच मरीन, वाघानं घर मोकळं व्हईल.”

“आणि त्यांचं सगळं तूच करत होतीस? ह्याच खोलीत?”

आरती बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. नातीचं तोंड बघायला सासू उरली नव्हती, आणि जाताना दुखणं मात्र सुनेकडे ठेवून गेली होती.

प्रतीक्षा उठली. तार सोडली. झडपा ढकलल्या. गार वारं आत आलं आणि खोलीचा कोंदट वास हलला.

तेवढ्यात उसातून बिबट्याचा आवाज आला. कुणी लाकडावर करवत ओढावी तसा. खर्र... खर्र...

तिनं झडपा ओढल्या आणि तारेला पीळ दिला. मनाशी म्हणाली, एका रात्रीनं काय होतंय?

आबांनी कंदिलाची वात जरा खाली केली.

मध्यरात्र उलटली असेल. प्रतीक्षाला जाग आली ती खोकल्यानं. वाटलं, बिबट्या. तोही असाच खोकतो. पण हा खोकला दाबलेला होता. कापडात.

आणि तो बाहेरून येत नव्हता.

आरती झोपलेली. बाळ झोपलेलं. मेणबत्ती विझलेली.

अंधारात तारेचा पीळ सुटत होता. कर्र... कर्र...

तोंडावर गार वारं आलं. खिडकी उघडी.

तिनं उठून लावली. तार आवळली. वळली.

मागं पुन्हा... कर्र.

तिनं सावकाश मान फिरवली. खिडकीशी एक म्हातारी उभी. पाठ बाळाकडं. तोंड बाहेर. तोंडावर फडकं. दुखणाईतानं लेकराकडं तोंड करून खोकू नये... तशी.

“कोण...”



बाहेर करवत वाजली. अंगणात. मग भिंतीशी. मग खिडकीच्या अगदी खाली...

म्हातारी हलली नाही. गजाला धरून, खिडकी अंगानं झाकून उभी राहिली.

करवत थांबली.

बराच वेळ काही नाही.

मग आवाज लांब गेला. उसात. पार ओढ्याच्या पल्याड.

प्रतीक्षा बाळाशेजारी आडवी झाली. डोळे मिटून देवीचं नाव घेत राहिली. खिडकी लावायला पुन्हा उठली नाही.

आबांनी कंदिलाची वात पुन्हा वर केली.

“मग, आबा? आरतीचं काय झालं?”

“गोळ्या पुऱ्या केल्या तिनं. खणखणीत हाय. पोरगी अंगणवाडीत जाती, बाईंना दमवती. रत्नदीपनं खिडकीला लोखंडी जाळी ठोकली. थंडी असो, पाऊस असो, झडप उघडीच.”

सफा जरा हसली. “उपाशी पोटी झोपली होती हो ती. स्वप्न पडलं असेल.”

“मलाबी तसंच वाटलं व्हतं,” आबा म्हणाले. “उजाडायला मीच गेलो गाडी घिऊन, तिला आणाया. चूल रातपासनं गार पडलेली. सासूची कापडं तिच्यासंगंच जाळलेली. आन् खिडकीच्या गजावर...”

ते उजवा तळहात कंदिलापुढं धरून त्याकडं बघत राहिले.

“जुन्या लुगड्याचं फडकं. चौघडी घातलेलं. आरती म्हणली, माजं न्हाई. मी हात लावला...”

आबांनी तळहात मिटला.

“कढत व्हतं.”