तोंगबाईंचा शेवटचा अभिप्राय

पेक दू-चोलची नात ज्या हिवाळ्यात शंभर दिवसांची झाली, त्याच हिवाळ्यात, म्हणजे २०२३ साली, हे घडलं. घरात शंभराव्या दिवशी वाटायचे तांदळाचे वाफवलेले पांढरे केक कापणं चाललं होतं. तेवढ्यात एक मुलगी बूट न काढताच आत शिरली.

"मा ताई इथेच आहेत ना? मेलेल्या बाईंचा मला निरोप आलाय."

दू-चोलच्या हातातली सुरी थांबली.

मा ग्यॉंग-सुक ही त्याची मेव्हणी, खासगी तपासनीस. दू-चोल तिची गाडी चालवी. त्याला सगळं उशिरा समजे, भीती मात्र सर्वांत आधी वाटे.

मुलीचं नाव ताक योन-उ, चुनचॉन शहरातल्या एका कॉलेजात माध्यमांचा अभ्यास करणारी. तिच्या प्राध्यापिका तोंग मि-रान मंगळवारी जिन्याखाली मृत सापडल्या होत्या. कुणीतरी ढकललं होतं. निरोप बुधवारी आला. योन-उने मोबाइलवर बोट टेकवलं.

"योन-उ, तुझा माहितीपट चोरलेला आहे. अतिशय वाईट. मी तुला नापास करते."

आवाज शांत होता. दू-चोलच्या मानेवर काटा आला.

"पोलीस म्हणतात, बाईंनी आधीच रेकॉर्ड करून बुधवारी जाईल असा लावून ठेवला असेल, आणि याच रागातून मी... उद्या सकाळी मला धरणार आहेत."

"बाई ग्रेड द्यायच्या?" मा ताईने विचारलं.

"नाही हो! अभिप्राय पाठवायच्या, बोलून, ज्याचा त्याला. सत्राच्या शेवटी समोर बसवून विचारायच्या, त्या अभिप्रायाचं काय केलंस? मग दोघं मिळून ग्रेड ठरवायचो. या बुधवारी पहिला नंबर माझ्या वर्गातल्या फी सांग-हूनचा होता."

"एखादा जुना अभिप्राय ऐकव."

तोच आवाज, पण हसरा. "या दारामागे कोण राहतं, योन-उ? तू ठोठावलं का नाहीस?"

"नवा कुठून आला?"

"एडिटिंग रूमच्या संगणकावरून. बाईंचं खातं तिथे उघडंच असतं. किल्ल्या वर्गातल्या तिघांकडे. मी, सांग-हून, कूक दा-ऑन."

"वर्गातली व्याख्यानं मशीनला ऐकवली की बाईंचा आवाज बनवता येईल?"

"कुणालाही. ती सगळ्यांना मिळतात."

मा ताईने केकचे दोन पुडे बांधले. "चल, दू-चोल. शंभर दिवसांचा केक कुणी नाकारत नाही."

दा-ऑनने केक घेतला, पण दार अर्धंच उघडलं. "हो, भांडले मी बाईंशी! भर वर्गात! चांगलं म्हणत नाहीत, वाईट म्हणत नाहीत, नुसते प्रश्न. 'ही म्हातारी खिडकीकडेच का बघते?' आठवडाभर झोप नाही, काकू."

"हीच असणार," जिना उतरताना दू-चोल कुजबुजला आणि मागे वळून बघत राहिला.

सांग-हूनने मात्र आत बोलावलं, जवाचा चहा दिला. डोळे लाल होते.

"माझ्यावर बाईंचा जीव होता. प्रत्येक अभिप्रायात म्हणायच्या, उत्तम, सांग-हून, फार छान."

"सगळे ऐकलेस?"

"पुन्हा पुन्हा."

संध्याकाळी मा ताईने तिघांना एडिटिंग रूममध्ये बसवलं. दारात फौजदार होता. दू-चोल भिंतीला चिकटून उभा होता.

"निरोप खोटा आहे," मा ताई म्हणाली. "बाई अभिप्रायात निकाल देत नसत, प्रश्न विचारत. योन-उला ठाऊक होतं. दा-ऑन तर त्यावरूनच भांडली. निरोप बनवणाऱ्याला मात्र वाटलं, अभिप्राय म्हणजे चांगलं, वाईट, पास, नापास. म्हणजे त्याने बाईंचा एकही अभिप्राय ऐकलेला नाही. किल्लीवाल्या तिघांत असा कोण?"

दू-चोलच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. "उत्तम, फार छान..."

"हो. बाई कधीच न बोललेले शब्द. सांग-हून, मोबाइल दे."

मोबाइल फौजदाराने घेतला. बाईंच्या प्रत्येक अभिप्रायापुढे निळा ठिपका होता. न ऐकल्याची खूण.

"ग्रेड नाही, तर ऐकायचं कशाला?" सांग-हूनचा आवाज फाटला. "बुधवारी मी काय सांगणार होतो? जिन्यात मी फक्त म्हटलं, सरळ 'ए' ग्रेड द्या. त्या म्हणाल्या, आधी ऐकून ये. हात धरला, त्यांनी झटकला, मग मी..."

योन-उ मोठ्याने रडू लागली. मा ताईने तिला जवळ घेतलं, आणि फौजदाराला विचारून सांग-हूनच्या मोबाइलवरचा सगळ्यात वरचा ठिपका दाबला.

"सांग-हून, तुझ्या माहितीपटात सगळे जिंकतात. हरलेल्या मुलाला तू कापून टाकलंस. त्याची तुला इतकी भीती का वाटते?"

सांग-हूनने कान झाकून घेतले.

प्राध्यापिका तोंग मि-रान मंगळवारी, २१ नोव्हेंबर २०२३ रोजी, संध्याकाळी कॉलेजच्या मागच्या जिन्यात वारल्या.