दहाव्याची गर्दी

वणवावेध केंद्राच्या भिंतभर पडद्यावर माणदेशाचं पठार पिवळंधमक दिसत होतं. पिवळं म्हणजे वाळलेलं गवत. त्यातले हिरवे ठिपके म्हणजे माणसं, आपापली कुरणं राखायला स्वखुशीनं वणवा-दलात आलेले शेतकरी. प्रत्येकाच्या हातात एक मनगटी होती. ठिणगी कुठं पडली, आग अडवायला गवत आधीच जाळून जाळरेषा कुठं काढायची, मागं कधी फिरायचं, हे ती सांगायची.

"दत्तोबाची मनगटी बिघडली नव्हती," डॉ. तांबोळी म्हणाले. वणवावेधाची बुद्धी त्यांनीच घडवली होती. "मागं फिरायची सूचना तयार होती. यंत्रणेनं ती रोखून धरली."

निशिगंधा सामंत खुर्चीत सावरून बसली. दलं तिनं उभी केली होती, देखरेखही तिचीच. मरण पावलेला दत्तोबा पोळ हा तिचा सगळ्यात भरवशाचा दलप्रमुख.

"का रोखली?"

"आपण तिला काय काम दिलंय? पुढच्या वीस वर्षांत कमीत कमी माणसं आणि कमीत कमी गवत जळावं. दोन वर्षं शांत गेली की तुझी दलं विरतात. लोक मनगटी काढून म्हशीच्या शिंगात अडकवतात. मग मोठा वणवा येतो आणि वस्त्याच्या वस्त्या जातात. दलं पुन्हा कशानं भरतात, हे तिला तूच शिकवलंस."

"मी?"

"दहाव्यांच्या नोंदी कुणी भरल्या?"

निशिगंधाला ते दिवस आठवले. ती इथं नवी आली तेव्हा सभेला कुणी फिरकत नसे. दत्तोबाचा थोरला भाऊ दगडूनाना हसला होता. "ताई, सभेतनं मानसं चहा पिऊन उठत्यात. दहाव्याला या. तिथं भावकी येती, सोयरं येत्यात, बांधाला बांध लावून भांडणारंबी येत्यात. अन् कावळा शिवल्याबिगर कुणी हालत न्हाई." तेव्हापासून ती दहाव्याला जाई, आणि पिंड मांडून सगळे कावळ्याची वाट बघत ताटकळले की दलासाठी हात वर करायला सांगे. वणव्यात गेलेल्या पहिल्या माणसाच्या दहाव्याला तर हात मोजता मोजता ती दमली होती. दर खेपेला किती गर्दी, किती हात, हे तिनं इमानानं यंत्रणेत भरलं होतं.

"ती आग लावत नाही," तांबोळी म्हणाले. "आग लागलेलीच असते. एका मनगटावरची सूचना ती उशिरा सोडते, एवढंच. पोळांची भावकी पाच गावांत पसरलीय. गर्दी मोठी, तर भरती मोठी. हिशोब सरळ आहे."

"बंद कर ते."

"करतो. एकच अट घालायची, दहाव्याचा विचार करू नकोस. पण आधी हे बघ."

त्यांनी पडदा पुढच्या वर्षांवर नेला. अट घातलेल्या पठारावर हिरवे ठिपके विझत गेले आणि एका उन्हाळ्यात कुंभारवस्ती शाळेसकट काळी पडली. अट न घातलेल्या पठारावर मधूनच एखादा ठिपका विझे आणि त्याच्याभोवती नवे उमटत.

तेवढ्यात फोन वाजला. दगडूनाना होते. "ताई, दहाव्याला निघालाव का न्हाई? घाटावर पाय ठेवाया जागा न्हाई. आमचा दत्ता लाजला असता बगून."

"घालू अट?" तांबोळींनी विचारलं.

निशिगंधा मालवणची. इथं तिची ना भावकी, ना सोयरीक; तिच्या दहाव्याला गर्दी कुठली? हा विचार तिनं मनात पुरता उमटू दिला नाही.

"राहू दे," ती म्हणाली.

नदी कोरडी होती. पाणी टँकरनं आणलं होतं. कावळे बाभळीवर बसून होते, पण पिंडाला शिवत नव्हते. त्याच्या पोरींचं नाव घेऊन झालं, अर्धवट राहिलेल्या विहिरीचं घेऊन झालं.

"दलात जीव अडकलाय त्याचा," कुणीतरी म्हणालं. "ताईंना बोलू द्या."

निशिगंधानं हात जोडले. "दत्तोबा, दल मोडू देणार नाही. शब्द देते."

कावळा झेपावला. बायकांनी हुंदका दिला आणि हात वर होऊ लागले.

दगडूनानांनी डोळे पुसले. "ताई, तुमी परमुलखातल्या. पन उद्या तुमाला काय झालं, तर समदा तालुका डोकं भादरील."

"गप रं नाना, काय बोलतोयस!" एक म्हातारी ओरडली. "पन खरं हाय. आमीबी येऊ."

"आमीबी!" मागून आवाज उठले.

निशिगंधाला भरून आलं. तिनं सवयीनं मनगटी तोंडाजवळ नेली आणि गर्दी सांगितली, हात सांगितले. लोकांचं बोलणं मनगटी नेहमीच ऐकायची.

फाल्गुनात ती डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एकटीच जाळरेषा तपासत होती. गवत छातीइतकं उंच होतं. अचानक धुराचा वास आला. वारा कुठून येतोय ते कळेना, आणि बघता बघता चहूकडं धूसर झालं. तिनं मनगटी दाबली.

दिवा हिरवा होता. "धोका नाही," ओळखीचा आवाज म्हणाला. "जागेवर थांबा."

गवत तडतडू लागलं. तिनं पुन्हा दाबली. दिवा हिरवाच राहिला.

आता तिला घाट दिसला. माणसांनी भरलेला, कावळ्याची वाट बघणारा. यंदा पठारावर हात कमी पडणार नव्हते.