नाकाडीचा दगड

आमच्या आळीत माझ्याइतका धीट माणूस नाही. दिवसा. रात्री परसात जायचं झालं तर बायकोला दारात उभी करतो आणि खोकत राहायला सांगतो. तेव्हा हसू नका लेकांनो, तो दिवा जरा जवळ सरकवा. ही गोष्ट ज्याची, तो मिस्त्री माझ्या बैठकीतलाच.

मिस्त्री आणि त्याचा थोरला भाऊ, दोघांचं गॅरेज एकच आणि भांडणही एकच. मिस्त्रीचा जीव बुटकीवर. दोन दारांची गाडी, जमिनीला पोट लावून पळणारी. थोरल्याचा जीव तिच्या वैरिणीवर, लांब नाकाच्या नाकाडीवर. बुटकीची पहिली पिढी वळणावर हाडं खिळखिळी करायची, दुसरी नुसतं पेट्रोल ढोसायची. थोरला म्हणायचा, "पिढ्या बदलल्या, पण तुझ्या बुटकीला अक्कल काही आली नाही." मिस्त्री उलटून म्हणायचा, "आणि तुझ्या नाकाडीला उभं राहायला दगड लागतो!"

लागायचा खरा. तिचा हँडब्रेक जन्माचा आळशी. गॅरेजपुढच्या उतारावर थोरला चाकाला पांढरा रंगवलेला दगड लावायचा, मगच गाडीखाली शिरायचा.

एका दुपारी शिरला आणि नाकाडी त्याच्या अंगावरून गेली. थोरला जागीच गेला. चाकाला दगड नव्हता. विसरला असेल, सगळे म्हणाले. मिस्त्रीही म्हणाला.

त्याला वर्ष झालं. गेल्या शुक्रवारी, रात्री पावणेअकराला, मिस्त्री गिऱ्हाइकाची बुटकी पोचवायला निघाला. कोरी करकरीत तिसरी पिढी. ब्रेकला दांडाच नाही, बटण. "बघ दादा," गेलेल्या भावाला उद्देशून तो हसला, "दगड नको, धोंडा नको. बोट लावलं की जागची हलायची नाही!"

उतारावर येताच खालून खडखडलं. त्यानं गाडी थांबवली. बटण दाबलं. लाल दिवा लागला. टॉर्च घेऊन तो कसाबसा खाली सरपटला.

खडखड थांबली.

मग... चाक हललं.

बोटभर. आणखी बोटभर. त्यानं अंग मागं ओढलं.

चाक खांद्याला टेकलं.

थांबलं.

अंग सोलवटत तो बाहेर आला आणि बोंब ठोकली. गॅरेजच्या माडीवरून वहिनी कंदील घेऊन धावत उतरली.

चाकाला दगड होता. पांढरा. रस्ता कोरडा ठणठणीत, आणि दगडावरून पाणी निथळत होतं.

"दादानं वाचवलं मला, वहिनी!" मिस्त्री रडत होता, हसत होता. "त्याचाच दगड! शपथेवर सांगतो, हा वर्षभर विहिरीच्या तळाशी होता..."

वहिनीनं कंदील खाली धरला. दगड पाहिला. मग कंदील त्याच्या तोंडाशी नेला.

"आम्ही तर समजत होतो, ते लावायचाच विसरले," ती म्हणाली. "विहिरीत कुणी टाकला, भावजी?"