वीस ते एक

कुरुळीच्या वरच्या वस्तीचं टाकं आटून अकरा दिवस झाले होते. टेकडीच्या पोटातल्या जुन्या भुयारातून एक झरा त्या टाक्यात यायचा. तो आत कुठे अडला ते शोधायचं आणि वाट मोकळी करायची, एवढ्यासाठी मिनल, तिचा धाकटा भाऊ सनी आणि वडील भीमराज रविवारी सकाळीच घाणेरीची जाळी तोडत डोंगर चढले. वाट दाखवायला वस्तीतले सोपानराव पुढे होते.

मिनल चाकणच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात होती. बंद टाकीत माणूस उतरवायचं तिचं रोजचंच काम, त्यामुळे तयारी चोख होती. दोघांच्या कमरेला एकेक दोर, डोक्याला दिवा, तिच्या छातीवर गॅस मीटर. सनीनं कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर खिशात टाकला. भीमराजनी तीस वर्षं टाक्यांमध्ये वेल्डिंग केलेलं. ते भुयाराच्या तोंडाशी दोर धरून बसले आणि म्हणाले, "मी हाक मारली की वीसपासून उलटं मोजायचं. दोघांनी."

"पप्पा, मीटर आहे ना. ऑक्सिजन साडेएकोणीसच्या खाली गेला की बोंबलतं ते."

"बोंबलू दे. तू मोज."

"मोज गं बाई," सोपानराव हसत म्हणाले. "तेवढंच म्हाताऱ्याला काम हाय."

भुयार कमरेइतकंच उंच. सनी पुढे, मिनल मागे, दोघं रांगत निघाले. वाट उतरत उतरत गेली, एका वळणावर उजवीकडे वळली आणि मग जमीन एकदम खोल झाली. तिथला गारवा हवाहवासा होता, भिंती ओल्या होत्या, आणि समोर ढासळलेल्या दगडांच्या पलीकडे पाणी बोलत होतं!

पहिली हाक आली तेव्हा दोघांनी खडाखड मोजलं. सनी दगड उपसू लागला.

दहा मिनिटांत मिनलचं डोकं ठणकायला लागलं. दम लागला होता, पण रांगून दम लागणारच. छाती धडधडत होती. तिनं मीटर पाहिलं. एकोणीस पूर्णांक आठ, म्हणजे ठीक. सनीनं बोट ऑक्सिमीटरमध्ये घातलं. शहाण्णव, म्हणजे तेही ठीक.

"अजून तीन दगड, ताई," तो धापा टाकत म्हणाला. त्याच्या बोटांवरून पाणी ओघळत होतं.

"सनी, मोज," वरून हाक आली.

"वीस, एकोणीस, अठरा, सतरा... सोळा, सतरा, सोळा..."

मिनलला त्यात काहीच खटकलं नाही.

"मिनल, तू."

तिनं मोजलं, वीसपासून एकपर्यंत, अगदी बिनचूक.

"मागं फिरा. दोघंही. आत्ता."

"का? बरोबर मोजलं मी."

"चौदानंतर दहा म्हणालीस."

"नाही म्हणाले!" तिला भयंकर राग आला. पाणी हातभर अंतरावर, मीटर गप्प, आणि यांचं आपलं आकड्यांचं खूळ. दोराला हिसका बसला. आता हे ओढून काढणार! तिनं कमरेची गाठ सोडायला घेतली.

गाठ सुटेना. रोज बांधायची, रोज सोडायची ती गाठ. कुठलं टोक कुठे जातं तेच आठवेना. ती आपल्याच बोटांकडे बघत राहिली. पप्पा खरं बोलत होते.

"सनी, चल!"

सनी दगडांवर तोंड टेकून पडला होता, सगळ्यात खोल जागी.

ती त्याच्यावर झेपावली. डोळ्यांपुढे अंधारी आली. तिनं त्याचं डोकं उचललं. मान कलंडली. पुन्हा उचललं. काखेत हात घातले. "ओढा!" ती ओरडली. दोर ताणला. सनी हलला, अडकला, पुन्हा हलला. वळण आलं. तिनं पायानं भिंत रेटली आणि त्याला चढावर ढकललं. एक वीत. आणखी एक. काळीज फुटेल असं वाटलं. मग कुणाच्या तरी राठ हातांनी तिला दंडाला धरून उन्हात ओढलं.

सनी मेल्यासारखा पडला होता. सोपानरावांनी त्याचे गाल चोळले. बऱ्याच वेळानं तो खोकला, ओकला आणि त्यानं डोळे उघडले. मिनल ढसाढसा रडली.

डोकं हळूहळू निवळलं. मीटर खोटं बोललं नव्हतं. पाण्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड त्या खोलगटात साचला होता, आणि तो तिचं मीटर मोजतच नव्हतं. ऑक्सिमीटरही नाही. ऑक्सिजन पुरेसा होता, तरी रक्तात तो दुसरा वायू चढत गेला. त्यानंच दम लावला, काळीज पळवलं आणि मेंदू असा झाकोळला की चुकलेलं मोजणंही बरोबर वाटावं. हे सगळं ती कारखान्यात नवीन मुलांना शिकवायची.

"पाणी तीन दगडांवर आहे," ती सोपानरावांना म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गं. टँकर मागवू. पुन्यांदा कुनी आत जायचं न्हाई."

भीमराजच्या हातांची सालटं निघाली होती. दोर त्यांनी अजून सोडला नव्हता.

"माझा वेल्डिंगचा जोडीदार जयसिंग टाकीत होता तेव्हा असाच चुकला," ते म्हणाले. "सोळा, सतरा, सोळा. मला वाटलं मस्करी करतोय. मी बाहेर बसून हसलो, पोरी."

मिनलनं त्यांच्या मुठीवर हात ठेवला. ते सनीकडे वळले.

"सनी, वीसपासून."

"पप्पा, चारदा मोजलं."

"पुन्हा मोज."

सनी पडल्या पडल्या पाचव्यांदा मोजू लागला, आणि एक येईपर्यंत भीमराजनी श्वास रोखून धरला.